गायरान कुणी राखायचं?

वर्धा म्हटलं की चरखा, खादी आणि यंत्रांना नकार एवढंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येतं. सेवाग्रामला वसायच्या आधी गांधीजी वर्ध्यात मगनवाडीला राहत होते. तेव्हाचा, २२ जून १९३५ च्या ‘हरिजन’मधला त्यांचा मजकूर वाचला तर हा समज टिकत नाही. खेड्यात घरोघरी वीज येणार असेल आणि लोक आपली अवजारं तिच्यावर चालवणार असतील तर आपली हरकत नाही, असं ते सांगतात. मात्र वीजघर गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचं हवं, गायरान असतं तसं. महाराष्ट्रात वीज मंडळ स्थापन व्हायला तेव्हा पंचवीस वर्षं अवकाश होता.

हा सहज जाता जाता मारलेला शेरा नव्हता. रेल्वे, खनिजं आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखाली असावेत, असा ठराव काँग्रेसने कराचीला १९३१ मध्येच केला होता. पुढे १९४४ मध्ये टाटा-बिर्ला प्रभृतींनी दहा हजार कोटींची ‘मुंबई योजना’ मांडली. त्याच वर्षी वर्ध्याच्या सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी साडेतीन हजार कोटींची ‘गांधीवादी योजना’ पुढे ठेवली. खेड्यांकडे ग्रामोद्योग आणि पायाभूत उद्योग व सार्वजनिक सेवा सरकारकडे, अशी तिची ढोबळ वाटणी. श्रीमन्नारायण हे जमनालाल बजाजांचे जावई. उद्योगपतीच्या जावयाने वीज-रेल्वे खासगी हातांत नको म्हणावं, ही गंमत वर्ध्यातच घडू शकते.

गांधीजींनी गायरानाचा दाखला दिला, तो मात्र जरा तपासून घ्यावा लागतो. विदर्भात गायरानाची जमीन सरकारच्या नावावर असते, पण गावाचा हक्क वेगळा लिहून ठेवलेला असतो. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून आणायचं, हे निस्तारपत्रकात नोंदवलेलं असतं. म्हणजे मालक एक आणि हक्कदार दुसरा, आणि हक्कदाराच्या हाती कागद आहे. तरीही गायरानांवर अतिक्रमणं झाली. जिथे गाव जागं होतं तिथे कुरण राहिलं, जिथे नव्हतं तिथे सातबारावर सरकारचं नाव तसंच राहून कुरण दुसऱ्याच्या घशात गेलं. सार्वजनिक मालकीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. सरकारच्या नावाची पाटी लागली की काम संपलं, असं समजणाऱ्यांनी खासगीकरणवाल्यांचं काम फार सोपं करून ठेवलं आहे.

खासगी मालकीचा अनुभव मात्र या जिल्ह्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. पुलगाव ते आर्वी ही पस्तीस किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली. आर्वी भागातला कापूस मुख्य मार्गावर पुलगावला आणायचा आणि तिथून मुंबईला न्यायचा, हा तिचा उद्देश. मालक होती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, आणि तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ही तिचीच. १९५१ मध्ये देशभरच्या रेल्वेंची फेररचना झाली, मध्य रेल्वे जन्माला आली, पण या कंपनीचे रूळ त्यातून सुटले. गाड्या मध्य रेल्वेने चालवायच्या आणि उत्पन्नातला वाटा कंपनीने घ्यायचा, असा करार चालत राहिला.

‘इंग्रजांची शेवटची रेल्वे’ म्हणून या गाडीवर कौतुकाने खूप लिहिलं गेलं. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. कंपनीला भाडं मिळत होतं, म्हणून रुळांवर पैसा घालायची तिला निकड नव्हती. आणि दुसऱ्याच्या रुळांवर सरकारी पैसा का घालायचा, हा मध्य रेल्वेचा हिशेबही चुकीचा म्हणता येत नाही. या दोघांच्या मधे गाडी वर्षानुवर्षं सायकलच्या वेगाने धावली आणि शेवटी बंद पडली. मालकी खासगी आणि चालवण्याची जबाबदारी सार्वजनिक, असा जोडप्रकार आज नव्या नव्या नावांनी विकला जातो तेव्हा आर्वीकरांना साक्षीला बोलवायला हरकत नाही. ब्रॉडगेजची मागणी करण्यातच त्यांच्या दोन पिढ्या गेल्या.

विजेच्या बाबतीत आपण नेमकं उलट्या वाटेने गेलो. मुंबईत वीज आणि ट्रामचा कारभार ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ताब्यात घेतला, तोच ‘बेस्ट’. नागपुरातही पूर्वी नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर ही खासगी कंपनी होती. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ आलं आणि तारा खेड्यांकडे निघाल्या. कुठल्याही नफेखोर कंपनीने आष्टी-कारंजाच्या डोंगराळ भागातल्या चार घरांसाठी खांब रोवले नसते. पुढे २००३ चा वीज कायदा आला, ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन झालं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण या कंपन्या उभ्या राहिल्या. लोक अजून ‘एमएसईबी’च म्हणतात.

मग फ्रँचायझीचं पर्व सुरू झालं. २००७ मध्ये भिवंडी टोरंटकडे गेली. २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर शहराचा मोठा भाग खासगी कंपन्यांकडे सोपवला. भिवंडीत गळती आणि चोरी घटली, हे मान्य केलं पाहिजे. पण औरंगाबाद आणि जळगावचे करार काही वर्षांतच मोडले, आणि नागपुरात एसएनडीएल या तिथल्या फ्रँचायझी कंपनीने आर्थिक ताण सांगत हात वर केल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणला कारभार परत घ्यावा लागला. चारांतले तीन प्रयोग फसले, आणि तिन्ही ठिकाणी अंगावर आलेलं ओझं उचलायला पुन्हा सार्वजनिक कंपनीच हजर होती. जिला अकार्यक्षम म्हणून बाजूला सारलं, तीच. भांडुप-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात अदानी समूहाने समांतर परवाना मागितला, त्याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये संप पुकारला. त्यांचा मुद्दा साधा होता. मोठी बिलं भरणारी गिऱ्हाईकं खासगी कंपनीकडे गेली तर वर्ध्याच्या शेतपंपाची स्वस्त वीज कुणाच्या जिवावर द्यायची? हा सवाल मला त्या संपातल्या सगळ्या घोषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

म्हणून महावितरणचं गुणगान करावं, असं मात्र नाही. ओलिताच्या शेतकऱ्याला विचारा. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज रात्रीची, आणि रात्री वावरात रानडुक्कर, साप, विंचू. डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत पीक थांबत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली, राज्यातल्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. बिल गेलं ते बरंच झालं, पण बिल भरणारा तक्रार तरी ठणकावून करतो. फुकट घेणाऱ्याला लाइनमन सुनावून जातो.

आणि आता एक विलक्षण गोष्ट घडते आहे. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ काढली. हेतू चांगला आहे. तिच्यासाठी गायरानांसह सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने खासगी विकासकांना दिल्या जातात, ते प्रकल्प उभारतात आणि महावितरण त्यांची वीज दीर्घ कराराने विकत घेते. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख रुपये प्रोत्साहन म्हणून मिळतात. वीजघर गायरानासारखं सार्वजनिक असावं, असं वर्ध्यातून लिहिलं गेलं होतं. आता वीजघर खरोखरच गायरानावर उभं राहतं आहे, फक्त गावाच्या मालकीचं सोडून. त्याच पंचायतीला किंवा गावच्या सहकारी सोसायटीला कर्ज देऊन तो प्रकल्प उभारू द्यायला काय अडचण होती? भांडवल नाही, हे उत्तर तयारच असतं. इथूनच प्रश्न बँकेकडे वळतो.

१९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळची पलाई सेंट्रल बँकही, आणि त्या धक्क्यातून १९६२ मध्ये ठेव विमा आला. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यामागे इंदिरा गांधींचं पक्षांतर्गत राजकारण होतं, हे खरंच. पण हेतू राजकीय होता म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली आणि वर्धा जिल्हा बँक ऑफ इंडियाकडे आला. ज्या बाजारगावांत पूर्वी अडत्या आणि सावकार हेच बँकर होते तिथे शाखा उघडल्या.

शेतकऱ्याची खरी बँक मात्र जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. गावात विविध कार्यकारी सोसायटी, तिचा गटसचिव, वर जिल्हा बँक. मार्चअखेर कर्ज नवंजुनं करायचं आणि जूनमध्ये बियाणं घ्यायचं, हे चक्र तिच्यावर चालायचं. २००२ मध्ये सरकारी रोखे घेण्यासाठी ज्या जिल्हा बँकांनी ‘होम ट्रेड’ या दलाल कंपनीकडे पैसे दिले आणि रोखे कधी पाहिलेच नाहीत, त्यांत नागपूरबरोबर वर्ध्याचीही बँक होती. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडावं लागलं. दरम्यान भांडवल आटलं, बँकिंग परवान्याची अट पुरी होईना, आणि २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा, बुलडाणा या तिन्ही जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने चार राज्यांतल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, तीत ६७३ कोटी केंद्राचे. महाराष्ट्रातल्या तीनही बँका विदर्भातल्याच होत्या.

मधल्या काळात काय झालं असेल ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ज्या सहा जिल्ह्यांसाठी जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं होतं, त्यात वर्धा होताच. त्याच जिल्ह्यात काही वर्षांनी गावची सोसायटी कोरडी पडली. शेतकरी तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत शाखेत गेला, तर तिथे सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे बेबाकी दाखले आणि रांग. पेरणी थांबत नाही. कृषी केंद्रवाला उधारीवर बियाणं-खत देतो, व्याज कापसाच्या भावातून वळतं करतो.

आता ही जिल्हा बँक खासगी होती की सार्वजनिक? कागदावर हजारो सभासदांची. प्रत्यक्षात राज्यभरच्या जिल्हा बँकांत संचालक मंडळं ही ठरावीक घराण्यांची वतनं झाली आणि सभासद आमसभेत चहा-चिवड्यापुरता राहिला. मालकी न बदलता आतून झालेलं हे खासगीकरण आहे. त्याचा दाखला देऊन सार्वजनिक बँकिंग फसलं, असं जे म्हणतात त्यांना येस बँकेची आठवण द्यावी. मार्च २०२० मध्ये ही झकपक खासगी बँक कोसळली तेव्हा तिला सावरायला पुढे कोण आलं? स्टेट बँक. त्या वेळी महाराष्ट्र सरकारनेही आपल्या कार्यालयांची खाती राष्ट्रीयीकृत बँकांत नेण्याचे आदेश काढले. वर्षही उलटलं नाही तोच, फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने सरकारी व्यवहार सगळ्या खासगी बँकांना खुले केले, आणि त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँका विकण्याची घोषणा केली. ती विक्री अजून झालेली नाही. २०२३-२४ मध्ये सरकारी बँकांचा एकत्रित निव्वळ नफा १ लाख ४१ हजार कोटींवर गेला, त्यामुळे घाईचं कारणही उरलं नाही. अर्थात त्याआधी याच बँकांत तीन लाख कोटींच्या घरात भांडवल ओतावं लागलं होतं, आणि बुडीत कर्जांत मोठा वाटा बड्या उद्योगांचा होता.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाची गोष्ट वर्ध्याच्या माणसाला लगेच कळेल. गव्हाचा भाव मिनीॲपोलिसचे व्यापारी ठरवत, कर्जही तिथलेच बँकवाले देत. शेतकऱ्यांनी राजकीय संघटना बांधली, निवडणूक जिंकली आणि १९१९ मध्ये राज्याची स्वतःची बँक उघडली. पिठाची गिरणीही काढली. भांडवलशाहीच्या माहेरघरात ती बँक शंभरावर वर्षं चालते आहे. युक्ती सोपी आहे. राज्याचा सगळा पैसा तिथेच ठेवायचा, आणि तिने गावोगावच्या छोट्या बँकांशी स्पर्धा न करता त्यांच्या खांद्याला खांदा लावून कर्ज द्यायचं. आपण १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी चालवली, तीस वर्षं. पण कापूस घेणारी संस्था एकीकडे आणि कर्ज देणारी दुसरीकडे, भाव ठरायचा मंत्रालयात आणि चुकारे मिळायचे महिन्यांनी. पैशाची नाडी हाती नसली की खरेदीचा एकाधिकार काय कामाचा?

१ मे २०२५ रोजी आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. नागपुरात मुख्यालय असलेली, बँक ऑफ इंडियाने पुरस्कृत केलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक विलीन होऊन राज्याची एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, पुरस्कर्ती बँक ऑफ महाराष्ट्र. एक रुपयाही खासगी झाला नाही, मालकी पूर्वीसारखीच केंद्र, राज्य आणि पुरस्कर्त्या बँकेची. फक्त समुद्रपूरच्या खातेदाराला जाब विचारायला जायची जागा आणखी काहीशे किलोमीटर दूर गेली. खासगीकरणाविरुद्ध मोर्चे निघतात, या असल्या दूर जाण्याविरुद्ध निघत नाहीत.

जाब विचारायची एक जागा जिल्ह्यातच आहे. अग्रणी बँक योजनेनुसार दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते, आणि आमदार-खासदारांनी हजर राहावं अशी एक जिल्हास्तरीय आढावा समितीही आहे. कुठल्या बँकेने किती ठेवी गोळा केल्या, त्यातलं किती कर्ज जिल्ह्यातच दिलं, खरिपाचं उद्दिष्ट किती गाठलं, हे सगळं तिथे मांडलं जातं. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर या आठही तालुक्यांचे शाखानिहाय आकडे मे महिन्यातल्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचे ठरवलं, तर कायदा बदलावा लागत नाही आणि रुपयाही खर्च होत नाही. शाखाधिकाऱ्याने तिथे खुर्चीवर बसून उत्तरं द्यावीत. यंदाच्या पेरणीआधी हे सुरू करता येईल.