वाडा विकणे आहे



‘पेठेतील जुना वाडा, जीर्णोद्धार केलेला, विकणे आहे.’ अशी जाहिरात पुण्या-नाशिककडे अधूनमधून दिसते. साकेत नगरात फ्लॅट घेऊन स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांचा अशा एखाद्या वाड्यात हिस्सा असतो. कुणी विकणारा असतो, कुणी घेऊ पाहणारा. होमिओपॅथीत आम्ही औषधाआधी रुग्णाचा सारा इतिहास विचारतो. वाड्याचेही तसेच करावे.

प्रथम देह पाहू. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे भाजक्या विटा आणि चुना. पुष्कळ वाड्यांत वजन मुख्यतः लाकूड पेलते आणि भिंत फक्त जागा भरते. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, देवघर, माडी ही मांडणी आपल्या परिचयाची आहे. चौक केवळ शोभेचा नसतो. घराला उजेड आणि वारा तोच पुरवतो. लाकडामुळे आगीचे भय मात्र कायमचे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग भस्मसात झाला. तो पुढे लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. म्हणून जुन्या वायरी आधी पाहाव्यात.

आता ‘जीर्णोद्धार’ या शब्दाकडे येऊ. आम्हा जैनांत नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्याचा मानतात. पण तो जुन्याचा स्वभाव राखून केलेला असावा. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, विटेला लोणा लागतो आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके कुजू लागतात. वरून वाडा नवा दिसतो, आतून खंगत जातो. म्हणून वाडा ऐन पावसाळ्यात पाहावा. खांबाच्या बुंध्याशी आणि तुळईच्या टोकाशी ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर वाळवी किंवा कूज समजावी. चौकातले पाणी कुठे जाते, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि घरे तुटतात ती इथेच. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीला न विचारता झालेला व्यवहार पुढे कोर्टात जातो. एकट्या भावाने आपला हिस्सा त्रयस्थाला विकला, तरी अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात इतरांबरोबर ताबा मागण्याचा हक्क त्या त्रयस्थाला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा देत नाही. महाराष्ट्रात जुना भाडेकरूही केवळ मालक बदलल्याने उठत नाही; १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या पाठीशी आहे.

वाडा पाडून इमारत बांधण्याच्या हिशेबाने किंमत ठरत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. शनिवारवाड्याच्या आसपासचे वाडे या नियमात अडकले आहेत. दुरुस्तीलाही तिथे परवानगी घ्यावी लागते.

आपल्या भोपाळात मोठ्या तलावाकाठी कुदसिया बेगमेचा १८२० चा गौहर महाल उभा आहे. अशा वास्तूंना सरकारचा आधार मिळतो. खासगी वाड्याला फक्त घरची माणसे असतात, आणि ती चार गावी पांगलेली. म्हणून वडीलधारे हयात असतानाच सर्व हिस्सेदारांनी, लेकी-बहिणींसह, एकत्र बसून ठरवावे: राखायचा की विकायचा. विकण्यात कमीपणा काहीच नाही. ज्याला तो नीट सांभाळता येईल त्याच्या हाती देणे, हेही सांभाळणेच.

मात्र विकण्यापूर्वी दोन कामे करावीत. वाड्याचा नकाशा आणि फोटो काढून ठेवावेत. आणि माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद रद्दीत घालू नयेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद जपत आले आहे. वाड्याला नवा मालक मिळेल. त्या कागदांना दुसरी प्रत नाही.