माळ्यावरचे इंद्रजाल

गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या गाडीचे वजन झाले, की आपल्या भागात दोनच कामे उरतात. एक खोडव्याची मशागत आणि दुसरे लग्नसराई. अशाच एका लग्नाच्या निमित्ताने आम्हाला थेट भाईंदर गाठावे लागले. आपल्याच कारखान्याच्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झाले आहेत. मुक्काम त्यांच्याकडेच पडला. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी पलंगाखालून दोन पत्र्याच्या ट्रंका ओढल्या आणि म्हणाले, "काका, बघा आमची इस्टेट!"

आम्हाला वाटले, वडिलांनी सातबाऱ्याचे उतारे सांभाळायला दिले असतील. पाहतो तो काय, दोन्ही ट्रंका चित्रांच्या पुस्तकांनी भरलेल्या! वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, बहादूर. आमच्या लहानपणी एस. टी. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे दोरीला टांगलेले असायचे, ते हे कॉमिक्स.

सभासद बंधू-भगिनी म्हणतील, उसाचा दर आणि तोडणीच्या तारखा सोडून पत्रिकेत हा पोरखेळ कशाला? शंका रास्त आहे. आम्हीही तेच विचारले. पण त्या रात्री जे पाहिले आणि ऐकले, त्यात आपल्या घराघराशी संबंध असलेली एक गोष्ट आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी माहिती. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे होते. हा वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉक या लेखकाने तो १९३६ साली तेथील वर्तमानपत्रांसाठी निर्माण केला. आपल्याकडे येताना त्याच्या जंगलाच्या देशाचे नाव बदलून 'डेंकाली' झाले, कारण मूळ नाव बंगालच्या फार जवळचे वाटे. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांतून हे अंक निघाले. १९९० साली माला बंद पडली, तोवर ८०३ अंक झाले होते.

आता गंमत ऐका. हे चिरंजीव पहिल्या अंकापासून क्रमवार लावायला बसले तेव्हा १२३ आणि १२४ हे दोन अंक काही केल्या सापडेनात. रद्दीवाले झाले, मुंबईचे पदपथावरचे पुस्तकवाले झाले, पुण्याचा जुना बाजार झाला. कितीतरी रविवार त्यांनी यात घालवले. शेवटी एका जाणत्या संग्राहकाने सांगितले, "अहो, संपामुळे ते दोन अंक निघालेच नाहीत!" आपल्या सरीत नांगी पडलेली दिसली की आपण रोप घेऊन धावतो, येथे ती नांगी मुळातच होती. पुढे अंक ४४४ नंतर क्रमांक देण्याची पद्धतही बदलली आणि वर्ष २०, अंक १ असे छापू लागले. हे ठाऊक नसेल तर माणूस ४४५ वा अंक जन्मभर शोधत बसेल.

आम्ही म्हटले, "बाबा रे, गोष्टी तर पाठ झाल्या असतील. मग एवढा खटाटोप कशासाठी?"

त्यांनी उत्तर दिले नाही. एक भिंग आमच्या हाती दिले आणि वेताळाच्या एका पानावर धरायला सांगितले. साध्या डोळ्यांना सलग दिसणारा रंग भिंगाखाली फुटला आणि नुसते ठिपके दिसू लागले. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, एवढ्या चारच शाया. त्यांच्या ठिपक्यांच्या दाट-विरळ पेरणीतून जंगलाचा हिरवा, मशालीचा नारिंगी, असे सारे रंग उभे केलेले! एखाद्या पानावर छपाईचा ठसा केसभर सरकलेला, म्हणून वेताळाचा जांभळा रंग रेषेबाहेर सांडलेला. संग्राहकाला अशा चुकाही प्रिय असतात. वाकडे तास पाहून कोणाच्या बैलाने ते धरले हे आपण ओळखतो ना, तसेच हे.

मग त्यांनी दोन अंक शेजारी ठेवले. एकात विल्सन मॅकॉय या चित्रकाराचा वेताळ. जाड, साधी रेषा, सावल्या फारशा नाहीत, माणसे थोडी लाकडी, पण चटकन डोळ्यांत भरणारी. दुसऱ्यात साय बॅरी यांचा. त्यांनी १९६१ पासून हे काम हाती घेतले. येथे काळी शाई सढळ हाताने वापरलेली, अंधार खरा अंधार वाटतो, दंडाचे स्नायू मोजून घ्यावेत. नायक तोच, पोशाख तोच, हात मात्र निराळा. लहानपणी आम्ही ही पाने शंभरदा चाळली असतील, पण ती चित्रे काढणारा कोणी माणूस असतो हे कधी ध्यानातच आले नाही.

यात आपल्या मातीतले हातही आहेत बरे का. 'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू झाली. तिच्या पानांवर राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्या कुंचल्याने कृष्ण, शिवाजी महाराज असे कितीतरी महापुरुष घरोघर पोचवले. 'टिंकल'मधल्या सुपंडीला पहिले रूप दिले ते वाईरकरांनीच. इंद्रजालची अनेक रंगीत मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. परदेशी वेताळाला आपल्या स्टॉलवरून हाक मारायला लावणारा हात हा असा देशी होता.

आणि याच गोविंदांच्या रेषेतून डिसेंबर १९७६ मध्ये 'बहादूर' अवतरला. त्याची कल्पना आणि लेखन आबिद सुरती यांचे. भगवा कुडता, खाली जीन पँट, असा हा आपल्याकडचा नायक. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला. पोराच्या मनात आधी सूड होता. पुढे त्याला उमगले की चूक बापाची होती, आणि तो डाकूंच्याच विरुद्ध उभा राहिला. त्याची जोडीदारीण बेला हीसुद्धा नुसती कडेला उभी राहणारी नव्हे, लढणारी.

येथे आमच्यातला सहकारी कार्यकर्ता जागा झाला. वेताळ एकटा येतो, दुष्टांना ठोसा देतो आणि जंगलात परत जातो. गावकरी आपले हात जोडून उभे. बहादूर मात्र गावातल्या लोकांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल बांधतो. आपले रक्षण आपणच, चार जणांनी मिळून करायचे. अहो, हा तर चित्रांत काढलेला सहकारच झाला! एकेकट्या शेतकऱ्याला जे जमले नाही ते शेअर्स गोळा करून आपल्या वडीलधाऱ्यांनी करून दाखवले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

"पण काका," चिरंजीव म्हणाले, "खरी गोष्ट पुढेच आहे. हे आबिद सुरती इथलेच, पुढच्याच स्टेशनचे. मीरा रोडचे."

सुरती यांचा जन्म १९३५ चा, गुजरातचा. बालपण मुंबईत डोंगरीला गरिबीत गेले. त्यांनी सांगितलेली एक आठवण अशी की, महायुद्धाच्या काळात सैनिकांची आगगाडी जायची तिच्यामागे पोरे धावत. सैनिक खाऊ फेकत. एकदा मिकी माऊसचे कॉमिक फेकले गेले आणि पोरांच्या झोंबाझोंबीत त्याची पाने झाली. आबिदच्या वाट्याला एक पान आले. ते समोर ठेवून त्याने चित्र गिरवायला सुरुवात केली. तोच मुलगा पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, 'धर्मयुग'मध्ये 'ढब्बूजी' रेखाटू लागला, बहादूरचा जनक झाला, आणि १९९३ मध्ये त्याच्या कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका फाटक्या पानातून एवढे पीक आले.

ज्या डोंगरीत ते पान मिळाले, तेथेच त्यांनी आईला पहाटे उठून पाण्याच्या रांगेत उभे राहिलेले पाहिले होते. ते मनातून गेले नाही. २००७ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी मीरा रोडला एक काम सुरू केले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती यांना बरोबर घेऊन घरोघर जायचे आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्या वर्षी १६६६ घरे झाली आणि सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचल्याचा हिशेब निघाला. नागरिक सुरक्षा दल कागदावरून उतरून पान्हे घेऊन जिने चढू लागले, असेच म्हणायचे! आपल्या ठिबकच्या नळीला गळती लागली असता "बघू उद्या" म्हणणाऱ्यांनी, आमच्यासह, याचा जरूर विचार करावा.

ट्रंका बंद करण्याआधी चिरंजीवांनी एक अंक आमच्या हाती दिला. मुखपृष्ठावर दौतीच्या शाईने, गिरवून गिरवून लिहिलेले: एका मुलाचे नाव, इयत्ता सातवी ब, आणि खाली "घेतल्यास परत देणे". रद्दीतून आलेला. तो मुलगा कोण, कोठला, आता कळायला मार्ग नाही.

आम्हाला बोलवेना. आमचे थोरले बंधू उसाचे बिल आणायला तालुक्याला जात, तेव्हा येताना हमखास एक इंद्रजाल आणत. प्रत्येक अंकावर तारीख घालून आमच्या दोघांची नावे लिहीत. बंधू गेले त्याच्या पुढच्या वर्षी घराचे पत्रे बदलायचे निघाले. माळा रिकामा करताना ते सगळे गाठोडे आम्हीच, रिकाम्या पोत्यांबरोबर, किलोवर घालून टाकले. पैसे किती आले तेही आठवत नाही. बंधूंच्या हातचे दुसरे अक्षर आज आमच्या घरात नाही.

म्हणून सभासदांना विनंती एवढीच. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे गाठोडे रद्दीत घालण्याआधी एकदा सोडून पाहा. जुना कागद लाकडाच्या लगद्याचा असेल तर तो पिवळा पडणारच, पण उन्हापासून, ओलीपासून आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवला तर बराच टिकतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पान करपवते. पिना गंजल्या असतील तर हळूच काढून घ्याव्यात. भाईंदरला खाडीची हवा, तेथे हे काम चिरंजीव दर पावसाळ्यानंतर नेमाने करतात. वाळवीचे सांगायला नको, ती आपल्या परिचयाची आहे.

आणि नातवंडांना नुसती गोष्ट वाचू देऊ नका. हे चित्र कोणी काढले असेल, हेही त्यांना विचारा.

कोणाकडे जुना अंक निघाल्यास पत्रिकेकडे चार ओळी लिहून कळवावे. अंक पाठवू नये. त्यावर कोणाचे नाव लिहिले आहे, तेवढे मात्र अवश्य कळवावे.