सहावं उत्तर कोणाचं? मालिकेच्या सेटसाठी ॲप बनवताना

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण त्यातली माणसं तुमच्या जवळची आहेत. संध्याकाळी घरोघरी मालिका लागते ना, तिच्या कॅमेऱ्यामागे लाइटवाले, मेकअपदादा, हेअरची ताई, स्पॉटदादा, आर्टवाले, असिस्टंट डिरेक्टर अशी पन्नास-साठ माणसं राबत असतात. आम्ही तीन मित्र सध्या त्यांच्यासाठी एक ॲप डिझाइन करतोय. पॅकअप झालं की फोनवर तीनच प्रश्न: कॉल कितीचा होता, पॅकअप कधी झालं, आणि आज लोक तुमच्याशी कसे वागले, १ ते ५ मध्ये सांगा.

पहिले दोन प्रश्न कशाला? समजा शूट गोरेगावच्या चित्रनगरीत आहे. शिफ्ट म्हणायला १२ तासांची. पॅकअप रात्री साडेदहाला, घर बदलापूरला, उद्या सातचा कॉल. मध्ये साडेआठ तास. जायला-यायला दोन-दोन तास धरले तर जेवण, अंघोळ, झोप सगळं साडेचार तासांत. हे कॉलशीटवर दिसत नाही, कारण कॉलशीट एका दिवसाची असते. ॲप कालचं पॅकअप आणि आजचा कॉल यांतलं अंतर मोजतं.

तिसरा प्रश्न मात्र डोकं खातो. टीव्हीत पैसे ९० दिवसांनी मिळायची जुनी पद्धत आहे. तीन महिन्यांची कमाई समोरच्याकडे अडकलेली, पुढचं काम ओळखीवर मिळणार, मग तोंड कोण उघडेल? म्हणून नाव न कळणं हा या ॲपचा पाया.

आणि नाव काढून टाकलं की झालं, असं नसतं बरं का. आता हे गणित बघा. मंगळवारपर्यंत ५ जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४. म्हणजे बेरीज २०. बुधवारी आणखी एकाने उत्तर दिलं, सरासरी साडेतीन झाली. ६ गुणिले साडेतीन, २१. म्हणजे सहाव्याने दिला १. आणि बुधवारी नवीन आलेला माणूस कोण, हे अख्ख्या सेटला माहीत! स्क्रीनवर सरासरी लगेच बदलताना दिसली की डेमोला छान वाटतं, पण इथे तीच घातक आहे. म्हणून वागणुकीचा आकडा आठवड्यातून एकदाच दिसणार, आणि तोही निदान ८ जणांनी उत्तर दिलं असेल तरच. मेकअप आणि हेअर मिळून चारच माणसं असतील तर त्यांचा वेगळा आकडा नाहीच, तो मोठ्या गटात मिसळायचा. बाई की पुरुष, हे आम्ही विचारतच नाही. सेटवर दोनच बायका असल्या तर ते नाव विचारण्यासारखंच झालं.

सगळ्याच गोष्टींना एवढी गुप्तता लागत नाही. केरळ सरकारने २०१७ मध्ये मल्याळम सिनेसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीवर हेमा समिती नेमली. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारकडे गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग झाकून, लोकांसमोर आला. त्यात लैंगिक शोषणाबरोबर एक साधी वाटणारी गोष्ट आहे: सेटवर टॉयलेटची सोय नाही म्हणून बायका पाणी पिणं टाळतात. टॉयलेट, पाणी, कपडे बदलायची जागा या तक्रारी जागेबद्दलच्या आहेत, माणसाबद्दलच्या नाहीत. त्या ॲप त्याच दिवशी दाखवतं. फक्त कोणी कळवलं आणि किती वाजता, हे नाही.

आता खरा गुंता. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अंतर्गत समितीकडे, लेखी, साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते समितीच्या हातात. योगायोग बघा: पैसे हातात पडायला ९० दिवस, आणि तक्रारीची मुदतही जवळपास तेवढीच. पैसे मिळेपर्यंत गप्प बसलेल्या मुलीची मुदत तोवर संपत आलेली असते.

यासाठी ॲपमध्ये एक बंद कप्पा ठेवलाय. घडलं त्याच दिवशी लिहा किंवा बोलून ठेवा. ते तुमच्याच फोनवर कुलूपबंद राहतं, किल्ली आमच्याकडेही नाही. दहाव्या आठवड्याला नोटिफिकेशन येईल, त्यात फक्त ‘एक आठवण’ एवढंच. शेजारी बसलेल्याला काही कळायला नको. तक्रार करायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. ॲप आपणहून कुठे काही पाठवत नाही.

उरला प्रश्न रिपोर्ट कोणाला द्यायचा. माझं मत स्पष्ट आहे: प्रॉडक्शन हाउसला आणि युनियनला, एकाच वेळी, एकच. नाहीतर आकडे कंपनीच्या कपाटात जातील. आमच्यातल्या एकाला मात्र वाटतं, असं केलं तर कुठलीही कंपनी हे ॲप सेटवर येऊच देणार नाही. यावर आमची अजून भांडणं चालू आहेत.

आणि तो ८ चा आकडा. १२ केला तर माणूस जास्त सुरक्षित, पण छोट्या सेटवर आठवडेच्या आठवडे काही दिसणारच नाही. सेटवर काम करणारं कोणी ऐकत असेल तर सांगा, तुमच्या युनिटमध्ये कोणता आकडा चालेल? नाव लिहू नका. भेटू पुढच्या भागात!