अभिजात बालपुस्तके : यादी करण्यापूर्वी

‘अभिजात’ या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. साहित्याच्या संदर्भात आपण तो काळाच्या कसोटीला उतरलेले या अर्थाने वापरतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी भाषेला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून तर हा शब्द रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. शब्दाचा अर्थ बदलतो हे खरे. पण जुना अर्थ त्याच्या पोटात दबा धरून असतो हेही खरे. मुलांच्या पुस्तकांची यादी करायला बसले, की तो हळूच बाहेर येतो.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांचा वाचनसंकल्प ठरला. महिन्याला एक याप्रमाणे वर्षात बारा अभिजात पुस्तके. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. नमुन्यादाखल दोन-चार शाळांच्या याद्या आणल्या, तर नावे तीच, क्रमही जवळजवळ तोच. एकाने दुसऱ्याची यादी उतरवली होती आणि दुसऱ्याने तिसऱ्याची. अशाने पुस्तक अभिजात ठरते. पाठ्यपुस्तकात त्याचा एखादा उतारा येतो, पारितोषिक म्हणून ते वाटले जाते, ज्या शिक्षकाने ते लहानपणी वाचले तोच पुढे ते मुलांच्या हाती देतो. बाजाराचाही यात वाटा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मोकळे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापू शकतो, आणि प्रदर्शनाच्या प्रत्येक टेबलावर ती स्वस्तात दिसतात. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांचे लेखन मोकळे व्हायला २०३० उजाडावे लागेल. शाळेचे ग्रंथालय चार पैसे राखून खरेदी करते तेव्हा हा फरक यादीत उतरतो, आणि तो गुणवत्तेचा फरक आहे असे आपण समजून चालतो.

प्रत्येक यादीत पहिल्या क्रमांकावर असते ते ‘श्यामची आई’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी रस्त्यात पडते. तिला हात लावायला कोणी पुढे येत नाही. श्याम हे आईला सांगतो. आई म्हणते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या एका ब्राह्मण बाईने एवढे म्हणावे ही लहान गोष्ट नव्हती. लेखकाची निष्ठाही खोटी नव्हती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून याच माणसाने १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण केले. हे सारे मान्य करूनही ती आंघोळ राहतेच. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात, एकाच आईच्या तोंडून येतात, आणि वाचणाऱ्या मुलाचे डोळे करुणेने इतके भरून येतात की विटाळ त्याला दिसत नाही.

माझी आई आयुष्यभर मोळ्या विकत आली. तिला अक्षरओळख नव्हती. सातवीत असताना मी तिला हे प्रकरण चुलीपुढे वाचून दाखवले होते. तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, “पोरगं ग्वाड हाय. पर म्हातारी घरला जाऊन काय म्हनली, त्ये न्हाई लिवलं व्हय?”

ते लिहिलेले नाही. ते लिहायला लेखकाला त्या घरात जावे लागले असते. पुस्तक श्यामच्या घरातून सांगितले जाते, म्हातारी रस्त्यावरच राहते. अभिजात म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ बालपुस्तकांत आपली माणसे अशी रस्त्यावर उभी आहेत : मदत घ्यायला, दया यायला, नायकाचे मन किती मोठे हे दाखवायला.

म्हणून पुस्तक यादीतून काढायचे काय? आमच्यातल्या तरुण मित्रांचे मत तसेच होते. त्यांचा संताप मला समजतो, पण मत पटत नाही. आपल्या मुलांना हे पुस्तक शाळेत भेटणारच आहे. ते तिथे एकट्याने भेटावे की आपल्यासमोर, एवढाच प्रश्न आहे. मी ते यादीत ठेवले आणि त्याच महिन्यात त्याच्या शेजारी दुसरे वाचन ठेवले.

ते म्हणजे बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतले पहिले प्रकरण. ही छोटी पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० साली प्रसिद्ध झाली. प्रसंग १९०१ चा. भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतात. वडील खटाव तालुक्यात कॅशिअर. अंगावर नवे कपडे, डोक्यावर नव्या टोप्या, आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनावर उतरतात तर न्यायला कोणी आलेले नाही. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटतात. जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार नाहीत. शेवटी एक जण कबूल होतो, तो असा की गाडी मुलांनी हाकायची, तो पायी चालणार. बरोबर भाकरतुकडा आहे, पण पिण्याजोगे पाणी मिळत नाही, म्हणून अन्न असूनही मुले उपाशी झोपतात.

या दोन पुस्तकांतली मुले एकमेकांपासून किती दूर होती? श्यामचे पालगड दापोली तालुक्यात. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यात. दोघांच्या जन्मात आठ-नऊ वर्षांचे अंतर. एकाची गोष्ट कोणीतरी उचलू लागल्याची, दुसऱ्याची कोणी गाडी न हाकल्याची. शिक्षकाने जास्त काही बोलू नये. दोन्ही मोठ्याने वाचून घ्यावे आणि मुलांना बोलू द्यावे. आमच्याकडे त्या दिवशी दिवे मालवायची वेळ झाली तरी कोणी उठेना.

हा पेच आपल्या एकट्याचा नाही. ‘श्यामची आई’ निघाले त्याच १९३५ साली अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेचे ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ निघाले. त्यात एका प्रदेशाचे वर्णन करताना, तिथे माणसे नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचे वाक्य होते. सतरा वर्षे ते कोणाला खटकले नाही! मग एका वाचकाचे पत्र आले, लेखिकेने चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ जाऊन ‘वसाहतवाले’ आले. एक शब्द बदलला, पण गोऱ्यांनी जमीन बळकावण्याची ती कथा होती तशीच राहिली. पुढे १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांतली पाच हजारांवर बालपुस्तके तपासली. एक तरी काळे माणूस शब्दांत वा चित्रात असलेली पुस्तके शंभरात सातही भरली नाहीत. या शोधाला निमित्त झाली होती एक पाच वर्षांची काळी मुलगी. पुस्तकांतली मुले नेहमी गोरीच का, असे तिने विचारले होते. पण काळ्या समाजाने कोणाच्या तपासणीची वाट पाहिली नव्हती. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९२० मध्येच काळ्या मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक सुरू केले होते. ते दोनच वर्षे चालले, पण चालले.

आपण कुठे आहोत? दलित साहित्याने बालपण भरपूर लिहिले. ‘बलुतं’ घ्या, ‘आठवणींचे पक्षी’ घ्या, पानोपानी उपाशी, मार खाल्लेली, शाळेच्या दाराशी उभी असलेली मुले आहेत. पण हे लेखन प्रौढ वाचकाला उद्देशून आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी, तिला हसू येईल, तिची उत्सुकता ताणली जाईल, असे आपण फार थोडे लिहिले. हा दोष प्रस्थापितांच्या माथी मारता येणार नाही. वेदना सांगण्याच्या घाईत आपण गंमत विसरलो.

म्हणून यादीत ‘फास्टर फेणे’ आहे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा सायकल मारत सुटतो आणि मुले त्याच्यामागे धावतात. तिथे मी भिंग घेऊन बसलो नाही. नववीच्या मुलांसाठी ‘फकिरा’ आहे. १९५९ च्या या कादंबरीत दुष्काळात गावासाठी धान्य लुटणारा नायक आहे, आणि तो कोणाच्या दयेवर जगत नाही. आणि मुक्ता साळवे हिचा निबंध आहे. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. मुलांनी वाचावे असे मुलाच्या हातचे लेखन मराठीत याहून जुने आणि धारदार कोणते, ते मला कोणी सांगावे. काही पानांचाच निबंध, पण आम्ही त्याला पूर्ण पुस्तकाचे गुण दिले.

गुणांचेही सांगतो, कारण संकल्प तिथेच फसतो. जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले, की ज्याच्या घरी वेगळी खोली, दिवा आणि शांतता आहे तो जिंकतो. एका खोलीत सहा जण राहतात तिथली मुलगी पहिल्याच महिन्यात मागे पडते, आणि आपल्याला वाचता येत नाही असे मनाशी धरून बसते. म्हणून आम्ही पुस्तके मोजणे सोडले. घरातल्या न वाचणाऱ्या माणसाला एक प्रकरण वाचून दाखवायचे आणि ते माणूस काय म्हणाले ते वहीत लिहून आणायचे. त्याचे गुण दुप्पट. पहिल्या महिन्यात एका मुलाच्या आजीने स्टेशनमास्तरला दिलेल्या शिव्या वहीत आल्या. त्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

खरेदी करणाऱ्यांना एक सूचना. स्वस्त आवृत्ती घेताना ती संक्षिप्त आहे का ते आधी पाहा, आणि मोळीचे प्रकरण तीत आहे ना, तेही चाळून घ्या. आणि पैसे थोडे असतील तर वीस पुस्तकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा चार पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्या. एकच पुस्तक पाच घरांत गेले, तर दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत भांडायला पाच जण येतात.