नवरा हीच माझी जाऊ

माळा, ऑडिट, उपवास, पुरवण्या, फराळ... आणि फ्लॅटमध्ये माणसं फक्त दोन!

आश्विन महिना दोन कमावत्या माणसांच्या घरासाठी बनवलेलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचांगाचं पान उघडून बघा. घटस्थापना, ललिता पंचमी, अष्टमी, खंडेनवमी, दसरा, कोजागिरी, वसुबारस, धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन! एवढं करून पाडवा-भाऊबीज मावत नाही म्हणून ती कार्तिकात ढकललेली. ज्या काळात हे टाइमटेबल लागलं त्या काळात घरात एक सासू, तीन जावा, माहेरपणाला आलेली नणंद आणि पुरणयंत्र फिरवायला हाताशी दोन पोरं असायची. आता त्याच पानावर एक सीए नवरा आणि एक फ्रीलान्स बायको ठेवा. टू बीएचके, पुणे.

2025 चा आश्विन 22 सप्टेंबरला सुरू झाला आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा घट पुण्यात बसला. सासूबाई सोलापूरला. ऑगस्टमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जमिनीवर बसायला सक्त मनाई. कुलदैवत तुळजाभवानी, त्यामुळे ‘या वर्षी राहू दे’ हा पर्यायच नव्हता. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर एक खोकं आलं. त्यात जुनी पितळी समई, सात धान्यांच्या पुड्या, दुधाच्या पिशवीत बांधलेली शेतातली काळी माती आणि वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या सूचना.

मुहूर्त तर बघा! त्याच सोमवारपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. 12 आणि 28 टक्क्यांचे स्लॅब जवळपास गेले, राहिले मुख्यतः 5 आणि 18. सगळ्या देशाला आनंद आणि आमच्या घरी फोनवर फोन. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दर कसा बदलायचा, जुन्या स्टॉकचं काय, आधी घेतलेल्या अॅडव्हान्सचं काय... नवरा सोवळं नेसून, कानाला फोन लावून परडीत माती पसरत होता. तुपावरचा टॅक्स 12 वरून 5 वर येणार म्हणून त्यानं शनिवारी मला तूप घेऊ दिलं नव्हतं, हेही सांगून टाकते. भक्ती भक्तीच्या जागी!

ज्यांच्याकडे घट नसतो (माझ्या माहेरी नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात. परडीत माती, मातीत धान्य, मध्ये पाण्यानं भरलेला घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. रोज एक माळ. पहिली विड्याच्या पानांची, मग तरवड, कारळ्याची फुलं, झेंडू, जे मिळेल ते. मंडईत तरवडाची फुलं मिळतात हे मला पुण्यात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. आणि शेजारी अखंड दिवा, जो घट उठेपर्यंत विझता कामा नये. या वर्षी तिथी वाढल्यामुळे दसरा थेट 2 ऑक्टोबरला, म्हणजे माळा दहा. दिवा दहा दिवस, रात्रीसुद्धा!

सासूबाईंच्या कागदावरची सगळ्यात कामाची सूचना या दिव्याचीच होती. समईशेजारी एक लहान निरांजन कायम पेटतं ठेवायचं. एक गेला तर दुसऱ्यावरून लावायचा. नवरा म्हणाला, ‘‘आईकडे बॅकअप सर्व्हर आहे.’’ रात्री एकपर्यंत मी, पहाटे चारपासून तो. मधल्या तीन तासांत तेल पुरलं पाहिजे, असा हिशेब.

माझीही धावपळ काही कमी नव्हती. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाचा पाऊसकाळ कायमचा कामाला लावला! त्यात वृत्तपत्रांच्या दिवाळी पुरवण्या. नवरात्रात बसून मी ‘टेन्शन-फ्री दिवाळीचे फंडे’ नावाचा लेख लिहिला. लिहिताना समोर तीन दिवसांची भांडी होती.

आणि मग चौथी माळ. माझी तारीख.

यावर बाजारात एक सोपा उपाय मिळतो, तो तुम्हा सगळ्याजणींना माहीत आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी. सणासुदीला मैत्रिणी एकमेकींना ती अशी सुचवतात जशी डोकेदुखीची गोळी. ती हॉर्मोनची गोळी आहे. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असेल, यकृताचं दुखणं असेल तर ती चालत नाही, आणि डॉक्टरांना न विचारता कुणीच घेऊ नये. मला तसा काही त्रास नाही. मला ती घ्यायची नव्हती, बस्स.

नवऱ्याचं म्हणणं, ‘‘तूच कर की पूजा. देवी पण बाईच आहे.’’ मुद्दा पटण्यासारखा आहे. पण सासूबाई रोज सकाळी फोन करून माळ कुणी बांधली ते विचारायच्या आणि मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. सत्तर वर्षांच्या बाईनं विश्वासानं समई पाठवायची आणि मी फोनवर थाप मारायची, हे मला जमेना. त्यांचा नियम मी मानत नाही, पण तो त्यांच्या पाठीमागे मोडायचा नव्हता. मी सरळ सांगितलं.

पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘‘आमच्यात बाजूला बसलं की जाऊबाई बघायच्या. तुझ्याकडं जाऊ कुठंय?’’

रागावून नाही हं! खरंच प्रश्न पडल्यासारखं विचारलं. आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी मी एकही ओळ लिहिली नाही. आता घट सोलापूरला परत न्यायला सांगतील की शेजारच्या काकूंना बोलवायला सांगतील, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. माझा नाही, त्याचा. ‘‘दोरा दुहेरी घे. गाठ मागं मार. आधी आंघोळ केलीस का?’’ चार दिवस रोज! पस्तिशीचा सीए, स्पीकरवर आई, मांडीवर झेंडूची पाटी. माळ वाकडी व्हायची. शेवटच्या दिवशी बरी जमली. मी पलंगावर बसून चहा पीत बघत होते आणि मला जाम मजा येत होती, हे लपवत नाही.

मजेला दुसरी बाजूही होती. त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ भागात गावांमध्ये पाणी शिरलं, मराठवाड्याचीही तीच गत. नवऱ्याच्या चुलतभावाचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. आमच्या परडीतली माती त्याच शेतातली. घटातलं धान म्हणजे रब्बीच्या बियाण्याची परीक्षा, असं जुनी माणसं सांगतात. इथं हॉलच्या कोपऱ्यात, ऊन नाही म्हणून पिवळट पण चांगलं वीतभर वाढलेलं धान, आणि तिकडे शेत दिसत नाही असा व्हिडिओ. त्या संध्याकाळी आरती झाल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. म्हणाला, ‘‘काय मागायचं तेच कळेना.’’ मग उठून त्यानं भावाला पैसे पाठवले आणि आम्ही दिवाळीचा टीव्ही रद्द केला. 28 चा टॅक्स 18 झालेला असूनही!

मधे 25 तारखेला सरकारनं टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची मुदत 31 ऑक्टोबर केली. सीए मंडळींच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. मी कॅलेंडर बघितलं. नवरात्र सुटलं, दिवाळी अडकली! खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा झाली ती चालू अवस्थेत. झाकणावर हळद-कुंकू, आत कुणाचा तरी ताळेबंद. पुरणपोळ्या मी केल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या पोळीवाल्या मावशींकडून आणल्या आणि सासूबाईंना तसं सांगितलंही. या वेळी शांतता नव्हती. ‘‘पुरणात जायफळ आहे का?’’ एवढंच.

तुळजापूरची एक गोष्ट मला या धावपळीत पहिल्यांदा नीट कळली. तिथं देवी झोपते! नवरात्राआधी आठवडाभर घोरनिद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की श्रमनिद्रा, थेट पौर्णिमेपर्यंत. युद्ध करून दमलेली म्हणून पलंगावर विश्रांती, आणि तो पलंग येतो अहिल्यानगर जिल्ह्यातून. पौषात पुन्हा मोहनिद्रा आहेच. म्हणजे कामाच्या आधी रजा, कामानंतर रजा! आम्ही मात्र 3 ऑक्टोबरला सकाळी नऊला आपापल्या लॉगिनवर. कोजागिरीला सोलापूरहून माणसं चालत तुळजापूरला जातात, 45 किलोमीटर. नवरा कॉलेजात असताना दोनदा गेला होता. या वर्षी सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध पिताना तो खुर्चीतच झोपला. त्याला कुणी उठवलं नाही.

दिवाळीचं काय सांगू? फराळ विकतचा, चकल्या माझ्या आईच्या. लक्ष्मीपूजन 21 ला सोलापुरात, पाडवा तिथंच, 23 ला नणंदेची भाऊबीज उरकून रात्रीच्या गाडीनं पुणे. माझ्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, तो अजून रुसलेला आहे. 29 तारखेला ऑडिटची मुदत पुन्हा वाढून 10 नोव्हेंबर झाली. तेव्हा आमचा आकाशकंदील उतरवून झाला होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सासूबाई खुर्चीत बसून मला नैवेद्याचं पान वाढायला सांगत होत्या. मध्येच मुलाकडे बघून म्हणाल्या, ‘‘पुढच्या साली तूच बांध माळ. हिला तिचं लिहायचं असतं.’’ गुडघा आता बरा आहे, त्या चालतात. 2026 ची घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे, म्हणजे 30 सप्टेंबर उलटल्यावर. तो मुदतवाढीवर विश्वास ठेवायला तयार नाही, पण तरवडवालीचा नंबर त्यानं सेव्ह करून ठेवलाय.