‘एकदा चालू करून बघू’ म्हणण्याआधी

गेल्या वर्षी काचीगुड्यातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पेटीत काकांचा लॅपटॉप सापडला. करडा, जाडजूड, तीन किलोंचा, माऊसऐवजी मधोमध फिरता गोळा असलेला. अमेरिकेतली नोकरी सोडून १९९३ साली काका हैदराबादला परतले, तेव्हा तो सोबत आणला होता. आत्या म्हणाली, “एकदा चालू करून बघ. नाहीच झाला तर भंगारात दे.”

मी अडॅप्टर लावला, बटण दाबलं. स्क्रीन काळीच. अडॅप्टरमधून मात्र बारीक टिक्-टिक् ऐकू येत राहिली. मी पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. आज कबूल करते, त्या दिवशीची माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती.

भंगारात द्यायला मन होईना, कारण त्यात आजी होती. १९९४ च्या उन्हाळ्यात काका रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायचे, ती सांगायची आणि ते टाइप करायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य भारतात आलं, तेव्हा आजी पंधरा वर्षांची होती आणि नांदेडजवळच्या गावी राहत होती. ते दिवस तिने पाहिले होते. आता आजी नाही, काकाही नाहीत, आणि कागदावरची प्रत कुणाकडेच नाही.

“डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोड ना,” असं धाकट्या भावाने सुचवलं. पण या लॅपटॉपची हार्ड डिस्क स्कझी पद्धतीची, जेमतेम ८० एमबीची. ती आज बाजारात मिळणाऱ्या यूएसबी डब्यांत बसत नाही, आणि जोडणारं साहित्य सहज मिळत नाही. म्हणजे लॅपटॉपच जिवंत करायला हवा होता.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, पण नोकरी सॉफ्टवेअरची. कॉलेज सुटल्यापासून हातात सोल्डरिंगची इस्त्री धरली नव्हती. म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून कोठीच्या गुजराती गल्लीत गेले. तिथे सुट्या पार्ट्सच्या दुकानांच्या रांगेत एक म्हातारे कारागीर बसतात. त्यांनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा विचारलं, “कितने बार बटन दबाए?” मी आकडा सांगितला. ते हसले. म्हणाले, “पैले देखो, फिर नापो. करंट सबके बाद.” मग पुढचे चार शनिवार मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

पाहणं म्हणजे आधी जुनी बॅटरी काढून बाजूला ठेवणं. ती निकेल-कॅडमियमची असते आणि कॅडमियम विषारी, त्यामुळे ती कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. मग ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू उघडून लॉजिक बोर्ड उजेडात धरला. चांदीच्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरांच्या पायाशी हिरवट थर होता, आणि वास मासळीचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या अनेक यंत्रांचं हे दुखणं आहे. त्या काळच्या या कपॅसिटरांतला द्रव रबरी बूच ओलांडून हळूहळू बाहेर झिरपतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. यंत्र वापरा नाहीतर पेटीत ठेवा, गळायचं ते गळतंच.

मग मोजणं. अडॅप्टरवर ७.५ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलेलं. नुसता मोजला तर ठीक होता. बोर्डाच्या पॉवर इनपुटवर, काहीही न जोडता, मल्टिमीटर धरला. रोध फक्त ३ ओहम. शाळेतला ओहमचा नियम आठवा: ७.५ भागिले ३, म्हणजे २.५ अँपिअर. अडॅप्टर २ अँपिअरचा, म्हणून तो दम टाकून बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ती टिक्-टिक् तीच. बोर्डावर कुठेतरी शॉर्ट होता आणि मी दर वेळी बटण दाबून तिथेच करंट ढकलत होते.

शॉर्ट शोधायची युक्ती मला फार आवडली. चाचांनी प्रयोगशाळेतल्यासारखा पॉवर सप्लाय घेतला, फक्त १ व्होल्टवर ठेवला, करंटला अर्ध्या अँपिअरची मर्यादा घातली आणि बोर्डाला जोडला. इतक्या कमी व्होल्टेजने चांगल्या चिपांना धक्का लागत नाही, पण शॉर्ट झालेला भाग गरम होतो. मग बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवला. सगळीकडे ओल होती, एकाच जागी ती भराभर उडून गेली. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पिवळा टँटलम कपॅसिटर होता. तो काढला आणि शॉर्ट गेला.

तरीही लॅपटॉप उठला नाही. गळालेल्या द्रवाने केसाएवढी एक रेघ तोडली होती. सगळा थर अल्कोहोलने साफ केला, मल्टिमीटरची बीप ऐकत तुटलेली जागा शोधली आणि इनॅमलच्या बारीक तारेचा पूल बांधला. गळके कपॅसिटर सगळेच बदलले: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. एक गोष्ट लक्षात ठेवा. टँटलमवरची पट्टी धन बाजू दाखवते, आणि चांदीच्या डब्यावरची काळी खूण ऋण बाजू. उलटा लावला तर नवा कपॅसिटरही फुटेल. स्क्रीनच्या दिव्याला उच्च व्होल्टेज देणाऱ्या भागाला मात्र मी हात लावला नाही. अनुभव नसेल तर तुम्हीही लावू नका.

पहिल्यांदा करंट दिला तो डिस्क न जोडता, मर्यादा घालूनच. स्पीकरमधून सूर उमटला, करडी स्क्रीन उजळली. चाचांनी फक्त मान हलवली. मग डिस्क जोडली.

फाइली फ्लॉपीवर घेऊन घरच्या संगणकावर उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मध्येच आली होती, पण काकांनी वापरलेला फाँट त्याआधीच्या पद्धतीचा, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणारा. त्यामुळे मी सोपा मार्ग घेतला. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर एकेक पान उघडलं आणि फोनने फोटो काढले. एकूण एकेचाळीस पानं. आता भाऊ आणि मी ती युनिकोडमध्ये उतरवतो आहोत.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर असं एखादं यंत्र असेल. “एकदा चालू करून बघू” म्हणू नका. बॅटरी काढा, उघडून बघा, मोजा, नाहीतर जाणत्याकडे न्या. आणि चालू झालंच, तर आधी आतलं बाहेर काढा, कौतुक नंतर. दुरुस्त बोर्ड किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो.

परवा आत्याला पहिली पानं वाचून दाखवली. रझाकारांच्या धास्तीने तांब्याची भांडी विहिरीत टाकल्याचा प्रसंग आला, तेव्हा तिने मला थांबवलं. “विहीर नाही गं. आई ‘आड’ म्हणायची. हे तुझ्या काकाने सुधारलेलं दिसतंय.”

आम्ही ‘आड’ केलं.