देवळालीकरांची शाळा

संपादकांनी लिहायला सांगितलं होतं ते ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमधल्या चित्रकलेच्या शिक्षणावर. वाचता वाचता मी रमलो इंदुरात, चित्रकार द. दा. देवळालीकर यांच्या शाळेत.

होळकर संस्थानात १९२७ साली ही शाळा सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी इथलेच, म. फि. हुसेन संध्याकाळच्या वर्गाला येत. शिकायचं इंदुरात, परीक्षा मात्र मुंबईची. बेंद्र्यांनी १९३३ मध्ये तिथली पदविका मिळवली. 

मला गुंतवलं ते इंदूरच्या निसर्गचित्रणाने. देवळालीकरांवर दृक्प्रत्ययवादाचा प्रभाव होता. माळव्याच्या उन्हात बाहेर रंगवायला बसलं की सावली थांबत नाही. बघता बघता भिंतीवरून सरकते. बारीक रेघा घोटायला सवड कुठली? रुंद कुंचल्याने रंगाचा एक पट्टा लावायचा आणि शेजारच्याशी त्याचं जमतं का, ते पाहायचं. सावली करायची म्हणजे काळा मिसळायचा, ही सवय इथे मोडते. चुन्याच्या भिंतीवरच्या सावलीत आभाळाचा निळा उतरतो, खालून मातीची तांबूस झाक चढते. हे सांगून कळत नाही. रंगवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून पाहावं लागतं. बेंद्र्यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांत ही नजर स्पष्ट दिसते.

आणि ती हातोहात पुढे गेली. हुसेनला चित्रकार होऊ द्या, म्हणून त्याच्या वडिलांची समजूत घातली ती बेंद्र्यांनीच, असं हुसेन सांगत. १९५० मध्ये बडोद्याचं कलाशिक्षण उभं राहिलं, तेव्हा तिथला चित्रकला विभागही बेंद्र्यांकडे आला.

माहुलीचे सुळके, मुरबाडकडचा सिद्धगड, माळशेजचा पावसाळा. पाहायला शहापूर-मुरबाडमध्ये काय कमी आहे? अडतं ते शिकवणाऱ्यापाशी. शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे, पण सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच. पाड्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेला तो मिळायचाच नाही. मग एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी कोण करून घेणार? त्यातूनही एखादी मुलगी टिकली, तर पुढे प्रवेश परीक्षा, रंग-कागदाचा खर्च आणि मुंबई. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठायचं, तिथून लोकल धरायची. निसर्गचित्राचा सकाळचा उजेड वाटेतच संपतो.

परीक्षा मुंबईत असण्याचं मला दुःख नाही. इंदूरच्या पोरांचीही तिथेच होती. त्यांच्या गावात चित्रकार राहत होता, हा खरा फरक आहे आणि तो मला फार जाचतो. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तालुक्यात आश्रमशाळा आहेत. त्यांतल्या एकीत एखाद्या चित्रकाराने वर्षभर राहावं, स्वतःची चित्रं मुलांसमोर काढावीत. त्याला राहायला एक खोली आणि बारा महिन्यांचं मानधन लागेल. प्रकल्प कार्यालयाने येत्या जूनपासून एवढी तरतूद करावी.